सहा ओळींचा बदल केला, पुल रिक्वेस्टमध्ये ४१ फायली दिसतायत. आता काय करू?

अर्धविराम_गायब

पायथॉनमधल्या एका ओपन सोर्स कमांडलाइन टूलमध्ये बग आहे: सीएसव्ही फाइल रिकामी असली की टूल क्रॅश होतं. इश्यू आधीच नोंदलेला होता, कोणी घेतलेला नव्हता. गिटहबवर फोर्क केला (माझ्या खात्यात प्रत), क्लोन केला (ती प्रत मशीनवर उतरवली), मेन ब्रँचवरच, म्हणजे मुख्य शाखेवरच, सहा ओळी बदलल्या आणि पुल रिक्वेस्ट (पीआर, म्हणजे बदल मूळ प्रोजेक्टमध्ये घ्या अशी विनंती) टाकली. आता चार ठिकाणी गाडी अडली आहे:

– बदललेल्या फायली ४१ दाखवतंय. हात लावलाय एकाच फाइलला.
– डीसीओ नावाचा चेक लाल आहे.
– टेस्ट सुरूच होत नाहीत, मेंटेनरच्या (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याच्या) मंजुरीची वाट पाहतोय असं लिहून येतं.
– मेंटेनरने एवढंच म्हटलंय: रिबेस करा, एक टेस्ट जोडा.

विंडोज मशीन आहे. क्लोन विंडोजच्या गिटने केला, कमिट डब्ल्यूएसएलमधून (विंडोजमध्ये चालणारं लिनक्स). कमिट आणि पुशच्या पलीकडे गिट फारसं येत नाही. ही पीआर बंद करून नवी टाकू का?

उलटा_स्लॅश

बंद करू नका. आहे तीच पीआर नीट होते, आणि तिथली चर्चाही एका जागी राहते.

आधी ४१ फायलींचं. तुम्ही शेवटी जे लिहिलंय, क्लोन विंडोजमध्ये आणि कमिट डब्ल्यूएसएलमध्ये, तिथेच बहुतेक मेख आहे. विंडोजवरच्या गिटमध्ये ऑटो-सीआरएलएफ सहसा चालू असतं. म्हणजे चेकआउट करताना प्रत्येक ओळीच्या शेवटची अदृश्य खूण एलएफची (लिनक्सची पद्धत) सीआरएलएफ (विंडोजची पद्धत) होते आणि कमिट करताना परत एलएफ होते. डब्ल्यूएसएलमधल्या गिटला यातलं काही माहीत नसतं. त्याला तेच फोल्डर दिलं की त्याच्या लेखी प्रत्येक ओळ बदललेली असते. त्यात कमिट करताना "सगळं घे" म्हटलं, की झाल्या ४१ फायली.

खात्री करून घ्या. (आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या.) सगळ्यात आधी मूळ रिपॉझिटरी (प्रोजेक्टचा मूळ साठा) "अपस्ट्रीम" नावाने जोडून घ्या, तुमच्या क्लोनला फक्त तुमचा फोर्क माहीत आहे:

गिट रिमोट ॲड अपस्ट्रीम <मूळ रिपॉझिटरीचा पत्ता>
गिट फेच अपस्ट्रीम
गिट डिफ --स्टॅट अपस्ट्रीम/मेन...मेन
गिट डिफ --स्टॅट --इग्नोर-स्पेस-ॲट-ईओएल अपस्ट्रीम/मेन...मेन

टिंबं तीन आहेत, दोन नाहीत. तीन टिंबांनी तुलना दोन्ही ब्रँच जिथे फुटल्या तिथपासून होते, गिटहब पीआरमध्ये दाखवतं तशीच. चौथ्या आज्ञेत बाकीच्या फायली गळल्या किंवा त्यांच्यापुढे शून्य आलं, तर दोष ओळींच्या शेवटांचा. तरीही नावं उरली, तर डिफमध्ये "ओल्ड मोड १००६४४, न्यू मोड १००७५५" असं काही दिसतंय का बघा. विंडोजची ड्राइव्ह डब्ल्यूएसएलमधून वापरली की फायली "एक्झिक्युटेबल" झालेल्या दिसू शकतात, तो दुसरा नेहमीचा गुन्हेगार. तिसरा म्हणजे एडिटरमधला "सेव्ह करताना फॉरमॅट कर" हा पर्याय, पण त्याला ४१ फायली उघडाव्या लागतात, म्हणून तुमच्या बाबतीत संशय कमी.

फोर्क जुना झाल्यामुळे एवढ्या फायली दिसतात असं बरेच जण सांगतील. नुसत्या जुन्या फोर्कमुळे दिसत नाहीत, कारण तेच तीन टिंबांचं. दिसतात ते पीआर चुकीच्या बेस ब्रँचवर टाकली तर. ते ओळखायचं कमिट्सच्या टॅबवरून: तिथे भलत्याच लोकांचे कमिट असतील तर बेस चुकलाय. बेस पीआरच्या शीर्षकाशेजारी "एडिट"मधून बदलता येतो. ज्या ब्रँचमधून पीआर टाकली ती मात्र बदलता येत नाही, म्हणून आता तुम्हाला मेनवरच काम निभवावं लागेल.

रिबेस म्हणजे आपले कमिट मूळ मेनच्या ताज्या टोकावर नेऊन बसवणं. सहा ओळींसाठी गिटची कसरत करायची गरज नाही. डब्ल्यूएसएलच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्ये, म्हणजे विंडोजच्या ड्राइव्हवर नव्हे, फोर्कचा ताजा क्लोन घ्या. अपस्ट्रीम परत जोडा, फेच करा आणि:

गिट ब्रँच जुना-बदल
गिट रिसेट --हार्ड अपस्ट्रीम/मेन

पहिल्या ओळीने जुनं काम एका वेगळ्या नावाखाली सुरक्षित राहतं. आता सहा ओळी हाताने परत लिहा, गिट डिफ करून डोळ्यांखालून घाला, कमिट करा, आणि मगच:

गिट पुश --फोर्स-विथ-लीज ओरिजिन मेन

"मगच" वर जोर आहे. रिसेट झाल्यावर, नवा कमिट करायच्या आधी पुश केलंत तर तुमची मेन आणि मूळ मेन तंतोतंत सारख्या होतात. पीआरमध्ये काहीच उरत नाही, म्हणून गिटहब ती आपणहून बंद करतं. नुसता फोर्स वापरण्यापेक्षा विथ-लीज बरा: मधल्या काळात मेंटेनरने तुमच्या ब्रँचवर काही दुरुस्त केलं असेल आणि ते तुमच्याकडे आलेलं नसेल, तर पुश नाकारला जातो. पीआर टाकताना "मेंटेनरना बदल करू द्या" ही खूण असते, त्यामुळे असं घडू शकतं.

पूर्णविराम

बदल सहा ओळींचा नसून सहाशेचा असता तर? हाताने परत लिहिणं शक्य नाही. सॉफ्ट रिसेट अपस्ट्रीम/मेनवर मारायचा आणि एकच कमिट करायचा, असं बऱ्याच ठिकाणी सुचवतात.

उलटा_स्लॅश

त्यात एक सापळा आहे. सॉफ्ट रिसेट फक्त ब्रँचचं टोक हलवतो, फायली आणि इंडेक्स (पुढच्या कमिटसाठी मांडून ठेवलेला मजकूर) जुनेच ठेवतो. तुम्ही फोर्क केल्यानंतर मूळ मेनवर वीस कमिट झाले असतील, तर तुमच्या जुन्या फायलींमध्ये ते वीस बदल नाहीत. सॉफ्ट रिसेटनंतर कमिट केलात की ते वीसच्या वीस बदल उलटवणारा कमिट तयार होतो, आणि वर तुमचं नाव. टेस्टनी पकडला तर नशीब.

रिसेट नेहमी फुटीच्या जागेवर करायचा. गिट मर्ज-बेस मेन अपस्ट्रीम/मेन ही आज्ञा त्या कमिटचा हॅश (ओळखक्रमांक) देते. गिट रिसेट <तो हॅश> केलं की सगळे बदल कमिट न झालेल्या अवस्थेत समोर येतात. मग गिट ॲड -पी. ते एकेक तुकडा दाखवून विचारतं: वाय म्हणजे घे, एन म्हणजे सोड, एस म्हणजे अजून लहान तुकडे कर, ई म्हणजे हाताने संपादित करतो. हवे ते घ्या, कमिट करा, उरलेलं गिट रिस्टोअरने टाकून द्या, आणि शेवटी गिट रिबेस अपस्ट्रीम/मेन. ओळींचे शेवट बिघडलेले असतील तर मात्र -पी काही कामाचं नाही, कारण अख्खी फाइल एकच तुकडा म्हणून येते. आधी शेवट सुधारा. गिट एलएस-फाइल्स --ईओएल ही आज्ञा इंडेक्समध्ये काय आहे आणि डिस्कवर काय आहे ते फाइलवार दाखवते.

सही_शिक्का

डीसीओचं सांगतो, कारण यात लोक चुकीचं बटण दाबतात.

डीसीओ म्हणजे डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन. २००४ मध्ये लिनक्स कर्नलसाठी सुरू झालं, आता कितीतरी प्रोजेक्ट वापरतात. अर्थ एवढाच: हा कोड मी लिहिलाय, किंवा या लायसन्सखाली तो द्यायचा मला हक्क आहे. तो जाहीर करायचा कमिट संदेशाच्या शेवटी "साइन्ड-ऑफ-बाय: नाव <ईमेल>" अशा एका ओळीने. ती ओळ आपोआप येते ती गिट कमिट -एस मधल्या लहान एसने. मोठा एस म्हणजे जीपीजी किंवा एसएसएच कीने केलेली सही. ती वेगळी चीज आहे, तिने डीसीओ चेक हिरवा होत नाही. मोठा एस दाबून "सही तर केलीय" म्हणत बसू नका.

आधीच झालेल्या कमिटांवर ओळ चढवायची असेल तर गिट रिबेस --साइनऑफ अपस्ट्रीम/मेन, मग फोर्स-विथ-लीजने पुश. ओळ असूनही चेक लाल राहिला तर कमिटच्या लेखकाचा ईमेल आणि साइन-ऑफमधला ईमेल ताडून बघा. तुमच्या बाबतीत हे होणारच असं धरून चाला: विंडोजमधल्या आणि डब्ल्यूएसएलमधल्या गिटचं कॉन्फिग वेगवेगळं असतं. दोन्हीकडे गिट कॉन्फिग युजर.ईमेल विचारा. तोच ईमेल गिटहब खात्यात नोंदलेला नसेल तर कमिट तुमच्या प्रोफाइलशी जोडला जात नाही.

काही प्रोजेक्ट डीसीओऐवजी सीएलए (कॉन्ट्रिब्यूटर लायसन्स ॲग्रीमेंट) मागतात. तो खरोखरचा करार असतो, एकदाच सही करायची. नोकरीत असाल तर तुम्ही लिहिलेल्या कोडवर मालकी कोणाची, हे आपल्या नेमणूकपत्रात आधी वाचा. कंपनीच्या वतीने करायचा सीएलए वेगळा असतो.

एआयकडून कोड लिहून घेतला असेल तर प्रोजेक्टचं धोरण बघूनच साइन-ऑफ करा, कारण "हा कोड द्यायचा मला हक्क आहे" असं तुम्ही लेखी देताय. जेंटू या लिनक्स वितरणाने २०२४ मध्ये असा कोड घ्यायचा नाही असं ठरवलं, नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमनेही त्याच वर्षी पूर्वपरवानगीची अट घातली. बाकी ठिकाणी ज्याचं त्याचं धोरण वेगळं. हे सगळं "कॉन्ट्रिब्यूटिंग" नावाच्या फाइलमध्ये असतं. ती रिपॉझिटरीच्या मुळाशी, डॉक्स फोल्डरमध्ये किंवा .गिटहब फोल्डरमध्ये सापडते.

टेस्ट सुरू होत नाहीत, त्यात तुमची चूक नाही. पहिल्यांदा योगदान देणाऱ्याचे वर्कफ्लो (आपोआप चालणाऱ्या तपासण्या) मेंटेनरने मंजुरी दिल्याशिवाय गिटहब चालवत नाही. पीआरमधून क्रिप्टोकरन्सीचं मायनिंग चालवायचे प्रकार झाले, तेव्हा २०२१ मध्ये ही अडवणूक आली. रिकामे कमिट पुश करून ती सुटत नाही. तोवर टेस्ट आपल्या मशीनवर चालवा.

लाल_हिरवे

टेस्टवर कोणी बोललेलं नाही, आणि मेंटेनरने मागितलेली मुख्य गोष्ट तीच आहे.

आधी टूल तुमच्या बदललेल्या कोडमधून चालतंय ना, ते पक्कं करा. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवा, त्यात पिप इन्स्टॉल -ई . करा. टिंब विसरू नका. -ई नसेल तर पॅकेजची एक प्रत इन्स्टॉल होते आणि टेस्ट त्या प्रतीवर चालू शकतात. मग तुम्ही फाइलमध्ये काहीही बदला, निकाल ढिम्म हलत नाही. प्रोजेक्टमध्ये प्री-कमिटची कॉन्फिग फाइल असेल तर प्री-कमिट इन्स्टॉलही करून टाका, म्हणजे फॉरमॅटिंगचे लाल फुल्ले नंतर येणार नाहीत.

आता बग. कोड न बघता अंदाज सांगतो: सीएसव्ही रीडरवर नेक्स्ट बोलावून शीर्षकाची ओळ घेतली जात असणार. फाइल रिकामी असली की नेक्स्ट "स्टॉप-इटरेशन" फेकतं. हे जनरेटरच्या आत घडत असेल तर पायथॉन ३.७ पासून त्याचा "रनटाइम-एरर" होतो, म्हणून ट्रेसबॅक वाचून मूळ कारण पटकन लक्षात येत नाही. दुरुस्ती म्हणजे नेक्स्टला दुसरा आर्ग्युमेंट नन (पायथॉनमधलं "काहीच नाही") द्यायचा आणि नन आलं तर तिथूनच परतायचं. सगळ्याभोवती ट्राय आणि नुसता एक्सेप्ट लावून टाकला असेल तर काढा. पुढे फाइलचं एन्कोडिंग चुकलं तरी टूल गप्प बसेल, आणि कोणताही शहाणा रिव्ह्यूअर ते परत पाठवेल.

"रिकामी फाइल" ही एकच स्थिती नाही. टेस्टमध्ये निदान चार घ्या:

१. शून्य बाइटची फाइल.
२. फक्त एक रिकामी ओळ असलेली. इथे नेक्स्ट यशस्वी होतं, पण हाती रिकामी लिस्ट येते, आणि पुढे कोणी पहिला घटक मागितला की "इंडेक्स-एरर". तुमच्या सहा ओळी इथे पडतील असा माझा होरा आहे.
३. फक्त शीर्षक, खाली एकही नोंद नाही.
४. फक्त बॉम असलेली, म्हणजे यूटीएफ-८ चे सुरुवातीचे ३ बाइट आणि पुढे काही नाही. साध्या यूटीएफ-८ ने उघडली तर रीडरला एक अदृश्य अक्षर असलेली ओळ दिसते. यूटीएफ-८-सिग ने उघडली तर ती खरोखर रिकामी.

पायटेस्ट असेल तर पॅरामेट्राइझने चारही एकाच फंक्शनमध्ये बसतात. फायली रिपॉझिटरीत ठेवू नका, टीएमपी-पाथ फिक्स्चरने टेस्टमध्येच बनवा. एकतर शून्य बाइटची फाइल पुढे कोणीतरी "चुकून राहिली" समजून उडवतो, दुसरं म्हणजे ओळींच्या शेवटांची भानगड तिथेही आहेच.

मग टेस्टची टेस्ट. गिट स्टॅश पुश <दुरुस्तीची फाइल> करा, म्हणजे दुरुस्ती बाजूला जाते आणि टेस्ट राहते. चालवा. लाल आली पाहिजे, आणि तुमच्या अपेक्षेच्या कारणानेच. इम्पोर्ट चुकलं म्हणून लाल आली तर ती धरायची नाही. मग गिट स्टॅश पॉप, परत चालवा, हिरवी. हे सगळं कमिट करायच्या आधी, कारण कमिट झालेलं स्टॅशमध्ये जात नाही. दुरुस्तीशिवायही हिरवी येणारी टेस्ट काहीच तपासत नसते.

पूर्णविराम

कमिट संदेशाचं राहिलं. पहिली ओळ साधारण ५० अक्षरांत, मग एक ओळ कोरी, मग मजकूर ७२ अक्षरांवर तोडलेला. कोरी ओळ सोडली नाही तर गिट सगळा परिच्छेदच शीर्षक समजतं. शीर्षक आज्ञार्थी. संदेश प्रोजेक्टच्या भाषेत, बहुतेकदा इंग्रजीतच लिहायचा, पण सार असं असावं:

रिकामी सीएसव्ही वाचताना क्रॅश टाळा

शून्य बाइटच्या फाइलवर शीर्षक वाचताना नेक्स्ट स्टॉप-इटरेशन फेकतं आणि जनरेटरमध्ये त्याचा रनटाइम-एरर होतो. शीर्षक नसेल तर शून्य नोंदी परत करा. फक्त कोरी ओळ असलेल्या फाइललाही हेच लागू.

फिक्सेस #<इश्यूचा क्रमांक>

काय बदललं ते डिफमध्ये दिसतंच, संदेशात का ते लिहायचं. शेवटच्या ओळीमुळे पीआर डीफॉल्ट ब्रँचमध्ये मर्ज झाली की इश्यू आपोआप बंद होतो. दुसऱ्या ब्रँचमध्ये गेली तर होत नाही.

किती दिवस थांबायचं? प्रोजेक्टने काही सांगितलं नसेल तर एक ते दोन आठवडे, मग एक साधी विचारणा. लिनक्स कर्नलच्या नियमांत परत विचारण्याआधी किमान एक आठवडा थांबा असं लिहिलंय. मर्ज विंडोचे (नवे बदल मुख्य शाखेत घेण्याचे) दोन आठवडे चालू असतील तर त्याहून जास्त. तिथे पुल रिक्वेस्ट नसतेच म्हणा. गिट फॉरमॅट-पॅच आणि गिट सेंड-ईमेल वापरून साध्या मजकुरात मेल पाठवायचा, एचटीएमएल मेल यादीवर पोचतच नाही. दुसरी आवृत्ती -व्ही२ लावून, आणि आधीपेक्षा काय बदललं ते तीन डॅशच्या खाली, म्हणजे ते इतिहासात जात नाही.

अर्धविराम_गायब

सगळं जमलं. --इग्नोर-स्पेसने खरंच एक फाइल उरली, आणि कोऱ्या ओळीवर माझ्या सहा ओळी खरोखरच पडल्या, आता आठ झाल्यात. डीसीओ हिरवा, टेस्ट हिरव्या. पण दोन दिवसांत मूळ मेन पुढे गेली आणि चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) कॉन्फ्लिक्ट आलाय. रिबेस अर्धवट थांबलंय. एडिटर "आवर्स" की "थिअर्स" विचारतोय. आवर्स म्हणजे माझं ना?

उलटा_स्लॅश

नाही! रिबेसमध्ये उलटं असतं. गिट आधी मूळ मेनवर जाऊन उभं राहतं आणि तुमचे कमिट एकेक करून तिथे बसवतं. त्यामुळे "आवर्स" म्हणजे मूळ मेन, "थिअर्स" म्हणजे तुमचा कमिट. मर्जमध्ये याच्या बरोबर विरुद्ध.

चेंजलॉगच्या बाबतीत मात्र दोन्ही पर्याय चूक. दोन्ही नोंदी ठेवायच्या, खुणांच्या तीन ओळी काढायच्या, गिट ॲड, मग गिट रिबेस --कंटिन्यू. बिनसलंच तर गिट रिबेस --ॲबॉर्ट, सगळं होतं तिथे परत. आणि चुकीचं कंटिन्यू करून बसलात तरी गिट रिफ्लॉगमध्ये जुना हॅश असतो. मागे पडलेल्या कमिटांची नोंद तिथे डीफॉल्टने ३० दिवस टिकते.

पुढच्या वेळेसाठी मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल ही सेटिंग झेडडिफ३ करून ठेवा. गिट २.३५ पासून आहे. दोन्ही बाजूंच्या मध्ये मूळ मजकूरही दाखवते, म्हणजे कोणी काय बदललं हे ताडता येतं.

लाल_हिरवे

एक भर. आता रिव्ह्यू सुरू झालाय, तर प्रत्येक सूचनेनंतर जुना कमिट दुरुस्त करून फोर्स पुश करू नका. रिव्ह्यूअरने कालपर्यंत वाचलेलं आणि आज नवीन आलेलं यातला फरक त्याला दिसेनासा होतो. गिट कमिट --फिक्सअप=<हॅश> ने वेगळे छोटे कमिट टाका, आणि सगळं मान्य झाल्यावर, तेही मेंटेनरने मागितलं तरच, गिट रिबेस -आय --ऑटोस्क्वॉश अपस्ट्रीम/मेन. बरेच प्रोजेक्ट मर्ज करतानाच स्क्वॉश करतात, म्हणजे सगळे कमिट मिळून एकच करतात. तिथे तुम्ही काही केलं नाहीत तरी चालतं.

अर्धविराम_गायब

मर्ज झाली, स्क्वॉश करूनच. आता फोर्कच्या पानावर "तुमची मेन काही कमिट पुढे, काही मागे" असं दिसतंय. पुढे कशी काय? माझा बदल तर तिकडे गेला ना?

उलटा_स्लॅश

बदल गेला, कमिट नाही गेला. स्क्वॉशने तिकडे नवा कमिट तयार झाला, त्याचा हॅश वेगळा. तुमचे जुने कमिट गिटच्या दृष्टीने अजून कुठेच मर्ज झालेले नाहीत. गिट फेच अपस्ट्रीम, मेनवर उभे राहून गिट रिसेट --हार्ड अपस्ट्रीम/मेन, आणि फोर्स-विथ-लीजने पुश. ती "जुना-बदल" ब्रँच काढताना लहान -डी नकार देईल, त्याच कारणाने. मोठा -डी वापरा.

मेनवर काम केल्याचा हा शेवटचा भुर्दंड. पुढच्या इश्यूला सुरुवातच अशी करा:

गिट फेच अपस्ट्रीम
गिट स्विच -सी बॉम-हाताळणी अपस्ट्रीम/मेन

नाव उगाच दिलेलं नाही. चौथी टेस्ट हिरवी यावी म्हणून फाइल उघडण्याचं एन्कोडिंग तुम्ही या एकाच फंक्शनमध्ये बदललेलं दिसतंय. त्याच टूलमध्ये सीएसव्ही अजून कुठे कुठे उघडली जाते ते गिट ग्रेपने बघा.